व्हिडिओ कोडेकची रॉयल्टी: एच.२६५ वर जावं की एव्ही१ वर?

पायवाट

नमस्कार मंडळी. आमची पुण्यात छोटी कंपनी आहे. आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानाचे मराठीतले तास आम्ही चित्रित करतो आणि तळहातावर मावेल एवढ्या बॉक्समध्ये भरून शाळांना देतो. बॉक्स टीव्हीला जोडायचा, रिमोट घ्यायचा, इंटरनेट लागत नाही. आजवर सगळं एच.२६४ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आकसून साठवायच्या आणि पुन्हा उलगडायच्या पद्धतीत, होतं. आता तासांची संख्या बरीच वाढली आहे आणि तेवढ्याच जागेत जास्त मावेल असा कोडेक हवा आहे. समोर दोन पर्याय आहेत: एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, आणि एव्ही१.

तांत्रिक तुलना नेटवर ढिगाने सापडते. मला इथे बोलायचंय ते परवान्याबद्दल आणि पैशाबद्दल, कारण त्यावर मराठीत सविस्तर काही दिसलं नाही.

निमित्त असं झालं. आमच्या एक शिक्षिका प्रयोग घरीच फोनवर शूट करून पाठवतात. ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर ती फाइल उघडली तर आवाज येतो, चित्र काळं. थोडी शोधाशोध केल्यावर कळलं की फाइल एचईव्हीसीमध्ये आहे आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी उलगडणारं सर्किटही आहे. चिप बनवणाऱ्याने ते दिलं, लॅपटॉप विकणाऱ्याने बंद करून ठेवलं. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रातली एक सोय परवान्याच्या हिशेबापायी निकामी केलेली असते, याचा मला मनापासून राग आला. मग परवान्यांची कागदपत्रं वाचायलाच बसलो.

डीव्हीडी आणि डिजिटल टीव्हीचा एमपेग-२ आला तेव्हा त्यावरची पेटंटं अनेक कंपन्यांकडे विखुरलेली होती. प्रत्येकीशी वेगळा करार कोण करत बसणार? म्हणून १९९६ मध्ये एमपेग एलए ही संस्था निघाली. तिने पेटंटांचा पूल, म्हणजे सामायिक साठा, केला: एका ठिकाणी पैसे भरा, सगळ्यांचा परवाना मिळवा. २००२ पासून दर यंत्रामागे अडीच डॉलर, पुढे दोन डॉलर. एच.२६४ चं मानक २००३ मध्ये मंजूर झालं आणि दर आणखी उतरले. वर्षाला पहिल्या एक लाख यंत्रांना काही नाही, त्यापुढे नगामागे २० सेंट, ५० लाखांच्या पुढे १० सेंट, आणि माल कितीही खपला तरी एका कंपनीला वर्षाकाठी ठरावीक रकमेपेक्षा जास्त भरावं लागत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्रेक्षकाला फुकट दाखवल्या जाणाऱ्या इंटरनेट व्हिडिओवर परवाना असेपर्यंत रॉयल्टी घेणार नाही. एच.२६४ घराघरात पोचला त्यात या सुटसुटीत दरपत्रकाचा मोठा वाटा आहे.

एच.२६५ चं मानक २०१३ मध्ये आलं. त्याच दर्जाच्या चित्राला जवळपास निम्माच डेटा लागतो, म्हणजे काम उत्तम झालं होतं. २०१४ मध्ये एमपेग एलएने पूल उघडला: एक लाख नगांनंतर २० सेंट, वर्षाची कमाल रक्कम अडीच कोटी डॉलर. पण मार्च २०१५ मध्ये एचईव्हीसी अ‍ॅडव्हान्स नावाचा दुसरा पूल उभा राहिला. जुलैमध्ये त्यांनी दर सांगितले: मोबाइलला ८० सेंट, ४के टीव्हीला दीड डॉलर, शिवाय व्हिडिओ दाखवून जे उत्पन्न येईल त्यातला अर्धा टक्का, आणि वर कमाल मर्यादा नाही. ओरड झाल्यावर वर्षअखेर दर खाली आणले, मर्यादा घातली, पुढे काही वर्षांनी डिस्कवर न विकल्या जाणाऱ्या आशयावरची फीही सोडून दिली. तोवर मार्च २०१७ मध्ये तिसरा पूल आला, व्हेलोस मीडिया. त्यात एरिक्सन, क्वालकॉम, सोनी, पॅनासॉनिक, शार्प. त्यांनी तर दरपत्रक जाहीरच केलं नाही. आणि काही पेटंटधारक कुठल्याच पुलात नव्हते. एकाच रस्त्यावर तीन टोलनाके, आणि पुढे आणखी किती लागतील ते पहिल्या नाक्यावर कुणी सांगेना.

माझं मत असं की कंपन्या रक्कम बघून बिचकल्या नाहीत. एकूण किती आणि कुणाकुणाला द्यायचे हा आकडाच कुणाच्या हाती लागेना, त्याला बिचकल्या. २०-३० सेंट किमतीत धरता येतात. तीन वर्षांनी कोण दारात उभा राहील हे किमतीत कसं धरायचं?

एव्ही१ चा जन्म यातूनच झाला. १ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी अलायन्स फॉर ओपन मीडिया स्थापन केली. गूगलकडे व्हीपी१० या नव्या कोडेकचं काम चालू होतं, मोझिलाकडे डाला, सिस्कोकडे थॉर. तिन्हींतलं चांगलं एकत्र करून मार्च २०१८ मध्ये एव्ही१ जाहीर झाला. त्याआधी जानेवारीत अ‍ॅपलही सामील झालं होतं.

यात कुणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर कृपया लिहा. मला बॉक्ससाठी येत्या महिन्याभरात निर्णय घ्यायचा आहे.

---

गवतीचहा

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. मी यूट्यूब फुकट बघते, फोनवर नातवाचे व्हिडिओ काढते. मी हे पैसे कधी भरले?

---

पायवाट

गवतीचहा, बाळबोध अजिबात नाही. फोन घेतलात तेव्हाच भरलेत. फोन बनवणारी कंपनी पुलाला पैसे देते आणि ते किमतीत मिसळलेले असतात, बिलावर वेगळी ओळ नसते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा, सगळ्यांत तेच.

---

रानवारा

लॅपटॉपचा किस्सा वाचून आश्चर्य वाटलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एचपी आणि डेलच्या काही बिझनेस लॅपटॉपमध्ये एचईव्हीसीचं हार्डवेअर बंद ठेवल्याच्या बातम्या आल्याच होत्या. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये एचईव्हीसीचं एक्स्टेंशन वेगळं विकायला आहे, अमेरिकेत ९९ सेंटला.

लिनक्सवाल्यांना हे दुखणं जुनं आहे. मी फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती वापरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एच.२६४, एच.२६५ आणि व्हीसी-१ चा हार्डवेअर आधार काढून टाकला. कारण कायद्याचं: वितरण करणाऱ्यानेच सोय चालू करून दिली तर पेटंटाची जबाबदारी त्याच्या अंगावर येऊ शकते. ग्राफिक्स कार्ड तेच, वीज तेवढीच, पण अपडेटनंतर व्हिडिओचा सगळा भार सीपीयूवर. बाहेरच्या भांडारातून पॅकेज घालून काम भागवावं लागतं.

आता यातली एक वाट सांगतो, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. फायरफॉक्सला एच.२६४ हवा होता, विशेषतः ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठी. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला रॉयल्टी झेपणारी नव्हती, आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये नग मोजणार तरी कसे? कुणीही प्रत काढतो, पुढे देतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये सिस्कोने आपला एच.२६४ चा कोड खुला करणार असल्याचं जाहीर केलं, नाव ओपनएच२६४. कोड सगळ्यांना खुला आहे, पण परवाना लागू होतो तो सिस्कोने स्वतः बांधून स्वतःच्या सर्व्हरवरून दिलेल्या प्रतीला. म्हणून फायरफॉक्स बसवल्यावर तो तुकडा सिस्कोकडून वेगळा उतरतो. तोच कोड तुम्ही घरी कंपाइल केलात तर त्या प्रतीला परवाना नाही. अक्षर न् अक्षर सारखा प्रोग्राम, पण कुठल्या सर्व्हरवरून आला यावर त्याची कायदेशीर अवस्था ठरते. हे शक्य झालं कारण पायवाट म्हणतात तशी वर्षाची कमाल मर्यादा होती. ती भरली की पुढच्या कोट्यवधी प्रतींना जास्त पैसे पडत नाहीत. एचईव्हीसीच्या बाबतीत असं दातृत्व कुणी दाखवू शकलं नाही, कारण एका पुलाची मर्यादा भरून काम संपतच नाही.

---

बर्लिनकर

पायवाट, लेख आवडला, पण पेटंटधारकांची बाजू पार राहून गेली म्हणून लिहितो. मी जर्मनीत सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करतो.

कोडेक म्हणजे काय, याचा एक टप्पा बघू. चित्राचे चौकोन पाडले, मागच्या फ्रेममधून अंदाज बांधला, फरक काढला, तो फरक वारंवारितांमध्ये बदलला, की शेवटी आकड्यांची एक रांग उरते. ती कमीत कमी बिटांत बसवायची. एच.२६४ मध्ये याला कॅबॅक म्हणतात. आजूबाजूच्या चौकोनांत काय आलं त्यावरून पुढच्या बिटाची शक्यता सतत सुधारत जाते, आणि ज्याची शक्यता जास्त त्याला जागा कमी दिली जाते. ऐकायला सोपं आहे. पण स्वस्त चिपमध्ये, सेकंदाला लाखो बिटांना, कुठेही न अडखळता ते बसवायला बर्लिनच्या फ्राउनहोफर हाइनरिश हर्ट्झ संस्थेतल्या लोकांनी वर्षं घातली. या संस्थेकडे विकायला फोन नाहीत, जाहिराती नाहीत. परवान्यांतून येणारा पैसा पुढच्या संशोधनाला लागतो.

एव्ही१ चा खर्च गूगल, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन यांनी उचलला, कारण डेटा वाचला की त्यांचा तो खर्च भरून निघतो. ज्यांना व्हिडिओ वाहून न्यायचा आहे त्यांनाच फुकट कोडेक परवडतो. संशोधन विकून जगणाऱ्या संस्थेला तो परवडत नाही. उद्या सगळा विषय पाच-सहा कंपन्यांच्या गरजेवर चालला तर टीव्ही प्रसारण, वैद्यकीय चित्रण यांची काळजी कोण घेणार? अलायन्सच्या परवाना-धोरणाची युरोपीय आयोगाने जुलै २०२२ मध्ये चौकशी सुरू केली होती, ती याच काळजीतून. मे २०२३ मध्ये ती बंद झाली, पण नियम मोडले की नाही यावर कुठलाच निष्कर्ष न देता.

---

पायवाट

बर्लिनकर, कॅबॅकचं इतकं सोपं वर्णन आधी वाचलं नव्हतं. संशोधकांना मोबदला मिळावा याबद्दल दुमत नाही. एच.२६४ च्या वेळी तो मिळत होता आणि कुणी फारशी कुरकुर केली नाही. एचईव्हीसीमध्ये पूल फुटले आणि प्रत्येकाने आपापला वाटा वाढवून मागितला, तिथे घडी विस्कटली. ही मानकं ठरवणाऱ्या एमपेग या तज्ज्ञगटाचे (एमपेग एलए वेगळी) संस्थापक लिओनार्दो क्यारिल्योने यांनी स्वतः जानेवारी २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं की ही व्यवस्था आता मोडली आहे. १९८८ पासून जो माणूस एमपेग चालवत होता त्याचं हे म्हणणं आहे. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

---

आडगाव

माझा केबलचा धंदा होता, आता सेट-टॉप बॉक्सची दुरुस्ती करतो. तुम्ही सगळे नव्या कोडेकबद्दल बोलताय. खेड्यात घरात जो बॉक्स बसलाय तो दहा-दहा वर्षं हलत नाही. डीडी फ्री डिशवर नव्या एमपेग-४ बरोबर जुन्या एमपेग-२ चे चॅनेल-स्लॉट चालू राहिले ते याच कारणाने. चांगला कोडेक आला म्हणून टीव्ही कुणी बदलत नाही. शाळेचंही तसंच. पायवाट, तुमचे जुने बॉक्स शाळांत पडून असणार, त्यांचा विचार आधी करा.

---

वहीखाते

मी बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात काम करते. हा सल्ला नाही, सर्वसाधारण माहिती समजा. तुमच्या करारांसाठी वकील गाठाच.

पेटंट देशापुरतं असतं. अमेरिकेत मिळालेलं पेटंट पुण्यात विकलेल्या बॉक्सवर चालत नाही, भारतात मिळालेलं असेल तरच चालतं. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. त्यावरून अनेकांचा समज होतो की भारतात कोडेकवर पेटंट असूच शकत नाही. तसं धरून चालू नका. अर्जात मागणी यंत्राच्या किंवा तांत्रिक परिणामाच्या रूपात मांडली जाते आणि पेटंटं दिली जातात.

उदाहरण दिल्लीचंच आहे. जुलै २०२० मध्ये इंटरडिजिटल या पेटंटधारक कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात शाओमीवर दावे लावले. मोबाइल नेटवर्कच्या पेटंटांसोबत एचईव्हीसीची पेटंटंही त्यात होती. मग वुहानच्या न्यायालयाने इंटरडिजिटलला भारतात कारवाई पुढे नेण्यापासून रोखणारा आदेश काढला. ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उलट आदेश दिला की वुहानचा आदेश इथल्या दाव्याच्या आड येऊ देणार नाही, आणि मे २०२१ मध्ये तो कायम केला. ऑगस्ट २०२१ मध्ये दोघांनी तडजोड केली. मुद्दा असा की एचईव्हीसीची पेटंटं भारतीय न्यायालयात प्रत्यक्ष मांडली गेली आहेत.

पायवाट, तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. चिप विकत घेतली म्हणजे परवाना मिळाला असं समजू नका. पूल सहसा तयार उपकरण विकणाऱ्याकडे बघतात, म्हणजे तुमच्याकडे. आणि भारतात पेटंटाची मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं, मुदतवाढ नाही. एच.२६४ चं मूळ मानक २००३ चं, आज सगळे वापरतात ते हाय प्रोफाइल (त्यातल्या सोयींचा वाढीव संच) २००५ पर्यंत ठरलेलं. मानकात आलेल्या कल्पनेचा अर्ज त्याआधीच झालेला असतो. तेव्हा एच.२६४ स्वतःच मुक्त होण्याच्या वाटेवर आहे. एमपेग-२ चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी २०१८ मध्ये संपलं, एमपी३ चा परवाना देणं एप्रिल २०१७ मध्ये थांबलं. हे सगळे याच वाटेने गेले.

---

फ्रेमवाला

साताऱ्यात लग्नाचं शूटिंग करतो. वहीखातेताई, एक शंका कित्येक वर्षं मनात आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलंय की एव्हीसीचा, म्हणजे एच.२६४ चाच, परवाना ग्राहकाच्या वैयक्तिक आणि बिगरव्यावसायिक वापरापुरता आहे. कॅमेरा तर मी धंद्यासाठीच घेतला. मग माझं प्रत्येक लग्न बेकायदा का?

---

वहीखाते

फ्रेमवाला, ती ओळ बहुतेक कॅमेऱ्यांत असते आणि वाचणाऱ्याला धडकी भरते. एच.२६४ च्या परवान्यात विकल्या जाणाऱ्या चित्रफितीसाठी वेगळं कलम आहे: १२ मिनिटांपर्यंत काही नाही, त्यापेक्षा मोठी असेल तर किमतीच्या दोन टक्के किंवा दोन सेंट, यांतलं जे कमी असेल ते. दोन सेंट म्हणजे दीड-दोन रुपये. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणाच्या मागे कुणी लागल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही निर्धास्त काम करा. पण तुमचा प्रश्न योग्य आहे. धंद्यासाठी घेतलेल्या हत्याराच्या पुस्तकात असं लिहिलेलं असावं, हे मलाही पटत नाही.

---

सह्यकडा

विकिमीडिया कॉमन्सवर मी किल्ल्यांचे, जत्रांचे फोटो-व्हिडिओ चढवतो, मराठी विकिपीडियाच्या लेखांना लागतात म्हणून. तिथे एच.२६४ ची एमपी४ फाइल घेतच नाहीत. फोनमधून निघालेली फाइल थेट टाकली की नाकारली जाते. २०१४ च्या सुरुवातीला यावर समाजाचा मोठा कौल झाला होता: एमपी४ घ्यावं का? बहुमत नको म्हणालं. मुक्त ज्ञानकोशातली फाइल बघायला किंवा बदलायला पेटंटाचा परवाना लागत असेल तर ती मुक्त कसली, असा युक्तिवाद होता. तो मला आजही पटतो.

त्याची किंमत आम्ही मोजतो, हेही खरं. जत्रेतल्या पालखीचा व्हिडिओ असेल तर घरी येऊन तो आधी वेबएमच्या डब्यात, म्हणजे त्या प्रकारच्या फाइलमध्ये, व्हीपी९ (गूगलचा खुला कोडेक) किंवा एव्ही१ मध्ये बदलून घ्यावा लागतो. जुन्या लॅपटॉपवर दहा मिनिटांच्या फितीला एव्ही१ करताना पंखा घोंघावत राहतो. नवीन सदस्य इथेच कंटाळून जातात. चांगले व्हिडिओ फोनमध्येच पडून राहतात, गावोगावच्या प्रथांचे, जे परत मिळणार नाहीत. फोन कंपन्यांनी कॅमेऱ्यातच एव्ही१ ची निवड द्यावी अशी माझी फार इच्छा आहे.

---

बिटबिट

बंगळुरात एन्कोडरवर, म्हणजे व्हिडिओ आकसणाऱ्या प्रोग्रामवर, काम करतो. पायवाट, तुमच्या सामग्रीबद्दल एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या फितीत बराच वेळ फळा, स्लाइड, आकृत्या, समीकरणं असणार. कॅमेऱ्याचं चित्र आणि स्क्रीनवरचं चित्र यांत फार फरक असतो. कॅमेऱ्यात रंग हळूहळू बदलतात. स्लाइडवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळं अक्षर, कडा एकदम तीक्ष्ण. जुन्या कोडेकच्या गणिताला तीक्ष्ण कडा मानवत नाहीत. म्हणून कमी बिटांत अक्षराभोवती धुरकट ठिपके दिसतात. मराठीत हे जास्त खटकतं, कारण मात्रा, रफार, अनुस्वार बारीक असतात. 'अंश' आणि 'अश' यांतला फरक एका ठिपक्याचा.

एव्ही१ मध्ये यासाठी दोन खास युक्त्या आहेत. एक पॅलेट: एखाद्या चौकोनात मोजकेच रंग असतील तर आठपर्यंत रंगांची यादी द्यायची आणि प्रत्येक बिंदूला फक्त यादीतला क्रमांक. कडा जशीच्या तशी राहते. दुसरी, त्याच फ्रेममध्ये आधी येऊन गेलेला तुकडा उचलून पुन्हा ठेवणं. पानावर 'क' वीस वेळा आला तर दरवेळी नव्याने साठवायला नको. एचईव्हीसीतही या युक्त्या आहेत, पण त्या नंतरच्या वेगळ्या विस्तारात आल्या आणि तो विस्तार वाचणारी स्वस्त चिप मिळणं कठीण. एव्ही१ मध्ये त्या मुख्य प्रोफाइलमध्येच आहेत. जो डीकोडर (फाइल उलगडणारा) एव्ही१ चा म्हणवतो त्याला त्या वाचता आल्याच पाहिजेत. तुमच्या कामाला हा फायदा रॉयल्टीपेक्षाही मोठा ठरेल.

एन्कोडिंग हळू आहे ही तक्रार पहिल्या एक-दोन वर्षांची. आता इंटेल आणि नेटफ्लिक्स यांनी मिळून उभा केलेला एसव्हीटी-एव्ही१ घ्या. मधला प्रीसेट ठेवलात तर साध्या डेस्कटॉपवर रात्रभरात बरंच काम उरकतं. उलगडण्यासाठी व्हिडिओलॅनच्या मंडळींचा डेव्हिड नावाचा डीकोडर आहे, २०१८ पासून. हार्डवेअर नसलेल्या फोनवरसुद्धा तो बऱ्यापैकी चालतो.

आता बॉक्सची चिप. इथे डोळ्यात तेल घालून बघा. उदाहरणार्थ रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणक-बोर्डवर हार्डवेअर फक्त एचईव्हीसीचं आहे, एच.२६४ सुद्धा नाही. बाकी सगळं सीपीयूवर. फुल एचडीला तो पुरतो, पण बंद खोलीत, मे महिन्यात, टीव्हीच्या मागे चिकटवलेल्या डबीत किती तापतो ते स्वतः बघा. टीव्ही बॉक्सच्या नव्या चिपांत एव्ही१ चं सर्किट मिळतं, तशी निवडा. नेटफ्लिक्सने एव्ही१ फेब्रुवारी २०२० मध्ये अँड्रॉइडवर आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये टीव्हीवर आणला, त्यानंतर टीव्हीच्या चिपवाल्यांना तो टाळणं जड गेलं. अ‍ॅपलने मात्र २०२३ च्या आयफोन १५ प्रोपर्यंत हार्डवेअर दिलं नाही.

---

बर्लिनकर

बिटबिट, उत्तम माहिती. फक्त रॉयल्टीमुक्त हा शब्द जपून वापरू या. मार्च २०१९ मध्ये पेटंटांचे परवाने देणाऱ्या सिसव्हेल कंपनीने एव्ही१ आणि व्हीपी९ साठीच पूल काढला. पडदा असलेल्या उपकरणाला एव्ही१ चे ३२ युरोसेंट, बिनपडद्याच्या उपकरणाला ११. अलायन्सचे सदस्य आपापली पेटंटं फुकट देतात, पण सदस्य नसलेल्यांची पेटंटं त्यांना कशी देता येतील? ऑक्टोबर २०२३ मध्ये तशाच अव्हान्सी कंपनीने थेट स्ट्रीमिंग सेवांसाठी पूल उघडला, त्यातही एव्ही१ आहे. पायवाट, तुमचा बॉक्स बिनपडद्याचा, तेव्हा हे ११ सेंट लक्षात असू द्या.

---

वहीखाते

बर्लिनकरांचा मुद्दा रास्त आहे. दोन गोष्टी जोडते. अलायन्सच्या परवान्यात बचावाचं कलम आहे: एव्ही१ वापरला म्हणून कुणी दुसऱ्यावर पेटंटाचा दावा लावला, तर त्याचा स्वतःचा फुकट परवाना रद्द. ज्याला स्वतःला एव्ही१ लागतो तो दावा लावायला धजत नाही. पण जी कंपनी काहीच बनवत नाही, फक्त पेटंटं बाळगते, तिला या कलमाची भीती नाही. दुसरं, छोट्या कंपन्यांवर दावा आला तर मदत करायला अलायन्सने निधी जाहीर केला आहे.

व्हीपी८ या जुन्या कोडेकचा पूर्वानुभवही बघा. २०१० मध्ये गूगलने ऑन२ कंपनी विकत घेऊन व्हीपी८ खुला केला. फेब्रुवारी २०११ मध्ये एमपेग एलएने त्याच्याविरुद्ध पेटंटं गोळा करायला सुरुवात केली. दोन वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. मार्च २०१३ मध्ये गूगलने ११ पेटंटधारकांशी करार करून विषय मिटवला, आणि तो परवाना व्हीपी८ वापरणाऱ्या सगळ्यांना मिळाला. एव्ही१ च्या बाबतीतही शेवटी मोठ्या कंपन्यांनाच हे निस्तरावं लागेल. वर्षाला काही शे बॉक्स विकणाऱ्याच्या दारात कुणी आधी येत नाही.

---

रानवारा

+१. आणि दोन्हीकडे धोका असेल तर ज्या बाजूला स्पेसिफिकेशन, एन्कोडर, डीकोडर सगळं खुलं आहे तिकडे मी उभा राहीन. किमान कंपनी बुडाली तरी फाइल उघडता येईल.

---

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्यात चर्चा होऊन असं ठरतंय. शाळांत असलेले जुने बॉक्स एच.२६४ वरच राहतील, आडगाव म्हणतात तसं, आणि वहीखातेताईंनी मुदतीचं सांगितल्यामुळे त्याची काळजीही उरली नाही. नव्या बॉक्समध्ये एव्ही१. एचईव्हीसी नाही. बोर्ड पुरवणाऱ्या तिघांना लेखी विचारलंय की चिपमध्ये एव्ही१ चं हार्डवेअर आहे का आणि कुठल्या प्रोफाइलपर्यंत. एकाने फक्त '४के सपोर्ट' एवढंच उत्तर पाठवलं, त्याला परत विचारतोय. सिसव्हेलचा दर खर्चाच्या तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून धरला आहे. आकडा माहीत आहे, तेव्हा किमतीत बसवता येतो.

बिटबिट, जुने तास एच.२६४ मधून एव्ही१ मध्ये बदलले तर चालेल ना?

---

बिटबिट

मूळ कॅमेऱ्याचं फुटेज आणि स्लाइडच्या फाइल्स असतील तर नको. एच.२६४ ने जे तपशील आधीच टाकून दिलेत ते परत येत नाहीत, उलट त्याने तयार केलेले धुरकट ठिपके एव्ही१ इमानेइतबारे जपत बसेल आणि त्यावर बिट खर्च करेल. पॅलेटचा फायदाही जाईल, कारण पांढरी पार्श्वभूमी आता एकसारखी पांढरी राहिलेली नसते. स्लाइडचे भाग नव्याने काढा, शिक्षकांचे भाग मूळ फुटेजमधून. ज्या तासांचं मूळ हाती नाही ते एच.२६४ मध्येच ठेवा, नवा बॉक्स दोन्ही वाचेल. आणि १०-बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा धरून, एन्कोड करून बघा. एव्ही१ च्या मुख्य प्रोफाइलमध्ये तेही आहे, आणि मागच्या भिंतीवर पट्टे दिसायचे ते पुष्कळ कमी होतात. पुरवठादाराकडून नमुना बोर्ड आला की त्यावर एक अख्खा तास पुढे-मागे सरकवत चालवा. रिमोटने उडी मारल्यावर चित्र किती वेळात येतं ते बघा आणि त्यावरून की-फ्रेममधलं (स्वतःपुरत्या पूर्ण साठवलेल्या चित्रांमधलं) अंतर ठरवा. वर्गात शिक्षक सारखे मागे जातात.